दहा गुंठ्यांचा देश

मराठीत ‘लिलाव’ हा शब्द बरा नाही. ज्याच्या घराचा लिलाव निघतो त्याचे काहीतरी बुडालेले असते. दारावर चिकटवलेली नोटीस, बँकेचा माणूस आणि मान खाली घालून उभा असलेला घरमालक, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. त्यामुळे २०१३ च्या ऑगस्टमध्ये ऑकलंडहून नाशिकला फोन करून मी ‘लिलावात घर घेतले’ असे सांगितले, तेव्हा आईने अभिनंदनाआधी विचारले, “कुणाचं बुडालं रे?” कुणाचेच बुडाले नव्हते. न्यूझीलंडमध्ये खात्यापित्या घरची माणसेही आपले घर राजीखुशीने लिलावाला काढतात, कारण चार गरजू एका खोलीत समोरासमोर बसवले की किंमत वर जाते, हे त्यांना दीडशे-पावणेदोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

त्या बुधवारी दलालाच्या कार्यालयातल्या खोलीत चाळीसेक खुर्च्या होत्या, कोपऱ्यात कॉफीचे यंत्र होते आणि भिंतीवरच्या पडद्यावर एकामागून एक घरे येत होती. प्रत्येक घराला साधारण दहा मिनिटे मिळत. पुकारणारा माणूस इतका हसतमुख होता की तो लग्नाचे सूत्रसंचालन करतो आहे असे वाटावे. आम्ही नवरा-बायकोने आमची कमाल मर्यादा एका वाणसामानाच्या पावतीमागे लिहून ठेवली होती. ती मर्यादा ओलांडून बारा हजार डॉलर पुढे गेल्यावर हातोडा पडला आणि ६ लाख १२ हजार डॉलरला ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातले एक जुने लाकडी घर आमचे झाले. घाई करण्याला कारण होते. त्याच ऑक्टोबरपासून न्यूझीलंडची रिझर्व्ह बँक थोड्या बयाण्यावर मिळणाऱ्या गृहकर्जांवर मर्यादा आणणार होती आणि आमच्यापाशी बयाणा थोडाच होता. त्याआधीची चार वर्षे आम्ही एका ओलसर भाड्याच्या घरात काढली होती. तिथे हिवाळ्यात सकाळी उठल्यावर पहिले काम म्हणजे खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने ओघळणारे पाणी जुन्या टॉवेलने टिपून बादलीत पिळणे. मुलीच्या खोलीच्या छतावर काळी बुरशी धरत असे. ती ब्लीचने पुसली की महिन्याभरात पुन्हा उगवे. घरमालकाला सांगितले तर तो म्हणे, खिडक्या उघड्या ठेवत जा.

पुढच्या जानेवारीत आई-अण्णा आले. अण्णांनी सारी नोकरी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून केलेली. साखळी ओढून आयुष्य गेलेला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात उतरले, पावलांनी लांबी-रुंदी मोजली, मनाशी गुणाकार केला आणि म्हणाले, “साडेचार गुंठे. कागदावर जास्त दाखवलं असेल तर तपासून घे.” कागदावर तेवढेच होते. मी त्यांना सांगितले की एकेकाळी इथे प्रत्येक कुटुंबाला पाव एकराचा तुकडा मिळावा, त्यात घर, भाजीचा वाफा आणि कपडे वाळत घालायला जागा असावी, हे सबंध देशाचे स्वप्न समजले जाई. आमचा तुकडा तसाच होता, पण मागच्या मालकाने तो मधून चिरून पाठीमागे दुसरे घर बांधून विकले. “पाव एकर म्हणजे दहा गुंठे,” अण्णा म्हणाले. “आमच्याकडे दहा गुंठ्यांवर भाऊ-भाऊ कोर्टात जातात.” मग त्यांनी त्यांच्या खात्यातला नेहमीचा प्रश्न विचारला, “पहिला फेरफार कुणाच्या नावानं आहे?”

खरे सांगायचे तर घर घेताना हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. वकिलाने मालकीचा दाखला दिला, तो मी फायलीत लावला. अण्णांच्या प्रश्नाने मात्र मी वाचू लागलो, आणि ज्या देशाची अर्थव्यवस्था मला गाई, लोकर आणि डोंगर यांची वाटत होती तिचा पहिला फेरफार निराळाच निघाला.

ऑकलंड शहर ज्या जमिनीवर उभे राहिले ती सुमारे ३,००० एकर जमीन १८४० मध्ये न्गाती फातुआ या माओरी, म्हणजे इथल्या मूलनिवासी, जमातीने ब्रिटिश गव्हर्नर विल्यम हॉब्सन यांच्या सरकारला दिली. मोबदला होता ५० पौंड रोख, ५० घोंगड्या आणि काही सदरे, विजारी, लोखंडी भांडी, कुऱ्हाडी, तंबाखू, एक पोते साखर व एक पोते पीठ. त्या जमातीच्या समजुतीप्रमाणे ती निव्वळ विक्री नव्हती. शेजारी राहायला येणाऱ्या सत्तेशी जोडलेले ते नाते होते. सहा महिन्यांनी, १८४१ च्या एप्रिलमध्ये, सरकारने त्यातल्या मोजक्या एकरांचे शहरी भूखंड पाडून लिलावाला काढले, आणि सरासरी भाव एकरी ५०० पौंडांच्या वर गेला. बोली लावणाऱ्यांत सिडनीहून आलेले सट्टेबाज होते. शहर अजून चिखल आणि तंबू एवढेच होते. रस्ता नव्हता, धक्का नव्हता, पण जमिनीचा भाव होता. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून दोन जहाजे भरून कष्टकरी कुटुंबे आली. भूखंडांना शेजार मिळाला आणि भावाला आधार. न्गाती फातुआची उरलेली जमीन नंतरच्या शंभर वर्षांत कायद्याने, न्यायालयाने आणि सक्तीच्या संपादनाने तुकड्यातुकड्याने गेली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ओकाहू खाडीकाठची त्यांची वस्तीही हटवून जाळण्यात आली, तेव्हा त्यांच्यापाशी पाव एकराची दफनभूमी तेवढी उरली होती. दहा गुंठे. मी हे अण्णांना फोनवर सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे १९७७-७८ मध्ये त्याच खाडीजवळच्या बॅस्टियन पॉइंटवर त्या जमातीने ५०६ दिवस ठाण मांडले आणि कालांतराने काही जमीन परत मिळवली, तो निराळा आणि मोठा इतिहास आहे.

उत्तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला, वेलिंग्टनमध्ये, हाच व्यवहार अधिक विचारपूर्वक मांडला गेला होता. एडवर्ड गिबन वेकफील्ड या इंग्रज गृहस्थाने एका श्रीमंत घरच्या मुलीला फसवून पळवल्याबद्दल तुरुंगवास भोगला आणि त्या मोकळ्या वेळात वसाहती कशा वसवाव्यात याचा सिद्धांत तयार केला. नव्या देशातली जमीन फार स्वस्त विकू नये, असे त्याचे म्हणणे. ती स्वस्त असेल तर आलेला मजूर लगेच शेतकरी होईल आणि भांडवलदाराला कामाला माणूस मिळणार नाही. म्हणून ‘पुरेशी’ किंमत ठेवावी, त्या पैशातून आणखी मजूर जहाजाने आणावेत, मजुरांच्या येण्याने जमिनीची मागणी वाढेल, आणि चक्र फिरत राहील. न्यूझीलंड कंपनीने १८३९ च्या जुलैमध्ये लंडनमध्ये बसून या जमिनीची सोडत काढली. एक एकर शहरी आणि शंभर एकर ग्रामीण, असा जोडभूखंड १०१ पौंडांना. त्या दिवशी कंपनीच्या ताब्यात न्यूझीलंडमधली एक फूटही जमीन नव्हती. खरेदी करायला गेलेले तिचे जहाज अजून समुद्रात होते. आपल्याकडे न मिळालेल्या परवानगीवर सदनिका विकणारे बांधकाम व्यावसायिक पाहिले की मला हे लंडनचे गृहस्थ आठवतात.

वेकफील्डची कंपनी काही वर्षांत कर्जात गेली, पण त्याचे चक्र काही थांबले नाही. १८७० मध्ये वसाहतीचे खजिनदार ज्युलियस व्होगेल यांनी दहा वर्षांत एक कोटी पौंड कर्ज काढून रेल्वे आणि रस्ते बांधण्याची आणि सरकारी मदतीने माणसे आणण्याची योजना मांडली. दशकभरात लाखभर लोक त्या मदतीने आले, जमिनीचे भाव फुगले, आणि १८८० च्या दशकात लोकर-धान्याचे भाव पडले तसे सगळे खाली बसले. माणसे ऑस्ट्रेलियाला निघून जाऊ लागली. जमिनीच्या सट्ट्यात अडकलेल्या बँक ऑफ न्यूझीलंडला १८९४ मध्ये सरकारने तारले. त्या पडझडीतून शहाणे होऊन या देशाने १८९१ मध्ये जमिनीवर चढत्या दराचा कर बसवला होता, ही गोष्ट आज इथल्या फार थोड्यांना आठवते. तो कर पुढे झिजत गेला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी पूर्णपणे रद्द झाला.

ज्या सुमाराला तो रद्द झाला त्याच सुमाराला माझ्यासारख्यांसाठी दार उघडले, आणि हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय बाजारपेठेत गेल्यावर न्यूझीलंडचे हुकमी गिऱ्हाईक गेले. १९८४ नंतर अनुदाने आणि संरक्षक जकाती मोडीत निघाल्या. १९८७ च्या कायद्याने ‘ब्रिटिश बरे’ हा स्थलांतरितांबाबतचा जुना निकष काढून टाकला आणि १९९१ मध्ये गुणपद्धत आली. वय, पदवी, अनुभव, हातात असलेली नोकरी, या प्रत्येकाला गुण. मी २००९ मध्ये अर्ज केला तेव्हा १४० किंवा अधिक गुण असलेल्यांची निवड आपोआप होई. माझी बेरीज १४५ आली. बोर्डाच्या परीक्षेतसुद्धा मला इतक्या निसटत्या गुणांनी इतका आनंद झाला नव्हता. आज ऑकलंडच्या दर दहा रहिवाशांपैकी चार परदेशात जन्मलेले आहेत, आणि २०२३ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे म्हणवणाऱ्यांची संख्या तीन लाखांच्या जवळ पोहोचली आहे. पन्नास लाखांच्या देशात ही संख्या लहान नाही. सँडरिंगहॅमच्या रस्त्यावर कढीपत्ता, कांदा-लसूण मसाला आणि गणपतीत मोदकांचे साचेसुद्धा मिळतात.

एक माणूस आला की तो पहिल्या दिवसापासून काम करील की नाही हे सांगता येत नाही, पण पहिल्या रात्रीपासून त्याला छप्पर लागते एवढे नक्की. त्यामागून रस्ता, शाळेतला बाक, सांडपाण्याची नळी आणि दवाखान्यातली खाट लागते. हे सगळे बांधायला गवंडी-सुतार आणि पैसा लागतो, आणि ज्या देशाला बचतीची सवय बेताची आहे तिथे हा पैसा बाहेरून येतो किंवा दुसऱ्या कामातून ओढला जातो. न्यूझीलंडमध्ये तो आणतात मुख्यतः चार बँका. चारही ऑस्ट्रेलियन मालकीच्या, आणि त्यांच्या कर्जवाटपातला साठ टक्क्यांहून अधिक भाग घरांवर. काही अर्थतज्ज्ञांचे म्हणणे असे की, सततच्या या बांधकामाच्या ओढीमुळे व्याजदर इतर प्रगत देशांपेक्षा चढा राहतो, चढ्या व्याजामागे परदेशी पैसा येतो, त्याने डॉलर महाग होतो, आणि महाग डॉलरखाली निर्यात करणारा कारखानदार दबतो. हे सर्वांना मान्य नाही. पण मी तो कारखानदार जवळून पाहिला आहे, म्हणून माझा कल त्या बाजूला झुकतो. बांधकाम पुरेसे वेगाने होते असेही नाही. ऑकलंडचा बंदरावरचा पूल १९५९ मध्ये चार पदरी बांधला, दहा वर्षांत तो अपुरा पडला, म्हणून १९६९ मध्ये जपानी कंपनीने त्याला दोन्ही बाजूंनी आणखी पदर जोडले, आणि आजतागायत दुसरा पूल झालेला नाही.

तो कारखाना ओनेहंगा भागात होता. दूध काढण्याच्या यंत्रांना लागणारे स्टेनलेस स्टीलचे जोड आणि झडपा तिथे होत असत. बावीस माणसे, सहा लेथ, दारात मेलेल्या माश्यांनी भरलेला दिवा आणि मागच्या बाजूला मालकाच्या वडिलांनी लावलेले एक लिंबाचे झाड, ज्याची लिंबे पावसाळी दिवसांत आम्ही डब्यातल्या खिचडीवर पिळत असू. माझ्याकडे हिशेबाचे काम होते. माल ऑस्ट्रेलियात आणि आयर्लंडमध्ये जाई. २०१४ च्या जुलैमध्ये न्यूझीलंडचा डॉलर ८८ अमेरिकी सेंटपर्यंत चढला, त्या तिमाहीचा ताळेबंद मी मालकापुढे ठेवला तेव्हा नफ्याच्या जागी कंस होता. आमच्या धंद्यात कंस म्हणजे तोटा. मालकाने तो पाहिला, मग त्याच कागदावर खाली जमिनीच्या फेरमूल्यांकनाची ओळ पाहिली आणि तो हसून म्हणाला, “बघ, सहा लेथ आणि बावीस माणसांनी जे केलं नाही ते डांबरी आवारानं केलं.” तो आळशी माणूस नव्हता. साठीतही सकाळी साडेसहाला हजर असे. नवीन संगणकचलित यंत्र घ्यावे म्हणून तो बँकेत गेला, तर यंत्रावर कर्ज द्यायला बँक नाना प्रश्न विचारी. त्याच रकमेचे कर्ज भाड्याने द्यायच्या घरावर मागितले असते तर पंधरा मिनिटांत मिळाले असते, असे त्याला त्या अधिकाऱ्यानेच चहा पिताना सांगितले.

२०१६ मध्ये शहराचा एकत्रित विकास आराखडा लागू झाला आणि त्या पट्ट्यात उंच निवासी बांधकामाला मोकळीक मिळाली. २०१८ मध्ये मालकाने जागा विकली. विकत घेणाऱ्याला लेथ नको होते, ते भंगाराच्या भावाने गेले. निरोपाच्या दिवशी मालकाच्या डोळ्यांत पाणी होते आणि बँकेत एवढा पैसा होता की, दोन पिढ्यांच्या धंद्याने तेवढा मिळवला नसेल. दोन्ही खरे होते. त्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागला नाही, कारण असा सर्वसाधारण कर या देशात नाही. हिंजवडी-वाकडकडे जमिनी विकून सोन्याच्या साखळ्या घातलेल्यांना आपण ‘गुंठामंत्री’ म्हणून हसतो. माझा मालक साधा स्वेटर घालत असे, म्हणून त्याला कोणी हसले नाही. मला तीन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली, ती घरमालकांच्या वतीने भाडी गोळा करणाऱ्या एका संस्थेत. तेव्हापासून मी झडपांच्या ऐवजी भाड्याचे हिशेब लिहितो.

मग २०२० आले. महामारीत सरकारने सीमा बंद केल्या, येणाऱ्या माणसांचा ओघ जवळपास शून्यावर आला, आणि घरांच्या किमती उतरतील असे सगळे म्हणू लागले. त्या चढल्या. रिझर्व्ह बँकेने व्याजदर पाव टक्क्यावर आणला होता आणि २०१३ पासूनच्या गृहकर्जाच्या मर्यादा तात्पुरत्या उठवल्या होत्या. पुढच्या दीड वर्षात किमती चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढल्या, २०२१ च्या नोव्हेंबरात त्या शिखरावर पोहोचल्या. हा काळ मला महत्त्वाचा वाटतो, कारण महागाईचे सगळे खापर परक्या माणसावर फोडणाऱ्यांना त्याने परस्पर उत्तर दिले: दार बंद असतानाही भाव पेटू शकतो. त्या वर्षी महापालिकेने ठरवलेले आमच्या घराचे मूल्य आले १३ लाख ४० हजार. मी आणि पत्नी दोघांनी मिळून वर्षभर जे कमावले त्याच्या दुपटीने त्या लाकडी भिंतींनी आमच्या झोपेत कमावले होते. त्या संध्याकाळी आम्ही बाहेर जेवायला गेलो. मी त्या जेवणाचा आस्वाद घेतला, हे लपवण्यात अर्थ नाही. सोबत मनात एक भीतीही आली. आता भाव पडू नयेत असे मला वाटू लागले होते. ओल्या खिडक्या पुसणारा मी त्या टेबलावर कुठे बसला होता?

ही भीती एकट्या माझी नाही, आणि तिथेच राजकारण सुरू होते. १९९१ मध्ये न्यूझीलंडमधली सुमारे ७४ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहात होती. २०१८ पर्यंत हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या खाली आले. तरी मतदारांत बहुसंख्य घरमालकच. खासदारांच्या हितसंबंधांची नोंदवही दरवर्षी प्रसिद्ध होते, तीत एकाहून अधिक घरे असणाऱ्यांची रांग मोठी असते. २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारने नेमलेल्या, माजी अर्थमंत्री मायकेल कलन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भांडवली नफ्यावर कर लावण्याची शिफारस केली. दोन महिन्यांत पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी जाहीर केले की आपण नेतृत्वात असेपर्यंत असा कर आणणार नाही. दहा वर्षांत एक लाख घरे बांधण्याची किवीबिल्ड योजना त्याच वर्षी आपले लक्ष्य सोडून मोकळी झाली. घर लवकर विकल्यास नफ्यावर कर लावणारा नियम २०१५ मध्ये दोन वर्षांचा होता, तो पाच वर्षांचा झाला, मग दहाचा, आणि २०२४ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा दोनाचा. भाड्याच्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट २०२१ मध्ये काढून घेतली, ती पुन्हा दिली. आमच्या कार्यालयात या प्रत्येक बदलाला घरमालकांचे फोन येतात. भाडेकरूंचे फोन गळक्या नळाबद्दल असतात.

येणाऱ्या माणसाचे स्थान या सगळ्यात विचित्र आहे. भाव चढवतो म्हणून त्याच्यावर राग, आणि भाव टिकवायला तो हवाही. २०१५ च्या जुलैमध्ये तेव्हा विरोधात असलेल्या मजूर पक्षाने ऑकलंडमधल्या घरविक्रीची फुटलेली यादी घेऊन खरेदीदारांची आडनावे तपासली आणि चिनी वाटणारी आडनावे किती आहेत याचे प्रमाण जाहीर केले. आमचे आडनाव त्या यादीत नव्हते, तरी त्या आठवड्यात मला टपालपेटीवरची आमच्या नावाची पट्टी जरा जास्तच ठळक वाटू लागली. इथे जन्मलेला, नाव चिनी असलेला माझा एक सहकारी जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, “माझ्या पणजोबांनी इथे उतरताना चिनी म्हणून डोईपट्टी भरली होती, आता मी आडनावपट्टी भरतो.” २०१८ च्या ऑक्टोबरपासून इथे स्थायिक नसलेल्या परदेशी नागरिकांना तयार घरे घेण्यास बंदी आली, फक्त ऑस्ट्रेलिया आणि सिंगापूरच्या नागरिकांना वगळले. बंदीनंतरही भाव चढलेच, हे वर आलेच आहे.

आणि जे विकत घेणारे नसतात, त्यांचे काय? परदेशी विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला इथे सरकारी भाषेत ‘निर्यात’ म्हणतात. मुलगा आत येतो, तरी ती निर्यात. २०१७ च्या आरंभी भारतातल्या दलालांनी कागदपत्रांत खोटेपणा केल्यामुळे हकालपट्टीला सामोरे जाणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी ऑकलंडच्या एका चर्चमध्ये आसरा घेतला होता. २०२२ च्या जुलैत मान्यताप्राप्त मालकांसाठी नवा कामाचा व्हिसा सुरू झाला, आणि वर्षभरात बातमी आली की, पापाकुरा भागात तीन झोपायच्या खोल्यांच्या एका घरात भारत आणि बांगलादेशातून आलेले तीस-चाळीस जण कोंबले आहेत. नोकरीसाठी त्यांनी दलालांना लाखो रुपये भरले होते आणि नोकरी नव्हतीच. ती बातमी मी कार्यालयात वाचली. तसे घर आमच्या संस्थेच्या यादीत नव्हते. मी यादी मुद्दाम तपासली.

यावर ‘दार लावा’ हे उत्तर माझ्या तोंडून शोभणार नाही, आणि ते बरोबरही नाही. इथल्या इस्पितळांत केरळ आणि फिलिपिन्सच्या परिचारिका नसतील तर रात्रपाळी चालणार नाही. वृद्धाश्रमांत तर दिवसपाळीही नाही. शिवाय २०१६ च्या त्याच आराखड्याने, ज्याने आमचा कारखाना गिळला, ऑकलंडमध्ये बांधकामाचे परवाने कितीतरी वाढवले, आणि भाडी जितकी चढली असती तितकी ती चढली नाहीत असे मानायला जागा आहे. म्हणजे जागा मोकळी केली की घरे होतात. ती मोकळी करायला दीडशे वर्षे बसलेल्या शेजाऱ्यांची ना असते, कारण प्रत्येकाला आपल्या गल्लीचा ‘बाज’ टिकवायचा असतो. त्या बाजात लाकडी बंगलेही येतात. बंगला हा शब्द आपल्याकडून गेला, कॅलिफोर्नियाला वळसा घालून इथे आला, आणि आता इथला वारसा म्हणून जपला जातो.

सीमा उघडल्यावर २०२३ मध्ये येणारे वजा जाणारे हा आकडा सव्वा लाखाच्या पुढे गेला. तरीही देशाचे एकूण उत्पन्न जेमतेम हलले, दरडोई उत्पन्न घसरले. मग बेकारी वाढली, येणारे आटले आणि इथलेच लोक मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला जाऊ लागले. २०२५ च्या मध्यापर्यंत निव्वळ आवक वर्षाला वीस हजारांच्याही खाली आली. सरकारने काय केले? ५० लाख आणि एक कोटी डॉलर गुंतवणाऱ्या श्रीमंतांसाठीचा व्हिसा सोपा केला, आणि अशा गुंतवणूकदारांना ५० लाखांचे किंवा त्याहून महाग एखादे घर घेता येईल असे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जाहीर केले. वेकफील्डला हे वाचून ‘पुरेशी किंमत’ आठवली असती. दुसरीकडे मजूर पक्ष भाड्याच्या आणि व्यापारी मालमत्तेच्या नफ्यावर कर लावण्याचे वचन घेऊन पुन्हा उभा आहे, राहते घर वगळून. राहते घर वगळावेच लागते. तिथे मी राहतो ना.

आमची मुलगी गेल्या वर्षी मेलबर्नला गेली. नर्सिंगची पदवी इथली, कर्जही इथलेच, पगार तिकडचा. जाण्याआधी तिने एकदा सहज विचारले की, बयाण्याला आम्ही मदत केली तर तिला इथे काय घेता येईल. मी रात्री आकडेमोड केली आणि सकाळी विषय काढला नाही, तिनेही नाही.

या जुलैत एका शनिवारी ओनेहंगावरून जाताना कारखान्याच्या जागी झेंडे दिसले. ‘ओपन होम’ होते. दारातल्या टोपलीतली निळी प्लास्टिकची पायमोजी बुटांवर चढवून मी आत गेलो. तीन मजली चिरेबंद घरे, एकाला एक चिकटून अठ्ठावीस. दर्शनी खोलीत ताज्या कॉफीचा वास मुद्दाम सोडलेला होता आणि चौथ्या लेथच्या जागी स्वयंपाकाचा ओटा होता, पांढरा, डाग नसलेला. मागे लिंबाचे झाड नव्हते. डबे ठेवायला सिमेंटचा चौथरा केला होता. घराखालची जमीन मी अण्णांच्या पद्धतीने पावलांनी मोजली. पाऊण गुंठासुद्धा भरली नाही.

दलाल तरुण होता, पंजाबी, कदाचित विद्यार्थी म्हणून आलेला. त्याने पाटी-पेन पुढे केले आणि अदबीने विचारले, “अंकल, राहायला बघताय की गुंतवणुकीला?”

“मुलीसाठी,” मी म्हणालो.

त्याने कोणत्या रकान्यात खूण केली ते मला दिसले नाही. मी खाली माझा फोन नंबर लिहिला.